काँक्रीटची सेटिंगची वेळ कशी सांभाळायची: रिटार्डर आणि ॲक्सिलरेटरचा डोस ठरवण्यापासून बिघाड निस्तरण्यापर्यंत

काँक्रीट ओतायला घेण्यापूर्वी एक आकडा कागदावर लिहा: ओतलेला थर किती तास व्हायब्रेटर घेईल असा राहिला पाहिजे. हा आकडा नसेल तर कुठलंही ॲडमिक्स्चर (काँक्रीटमध्ये मिसळायचं रसायन) टाकणं म्हणजे अंदाजपंचे काम. तो असेल तर रिटार्डर (सेटिंग लांबवणारं रसायन) लागतो की नाही, लागला तर किती, आणि थंडीत ॲक्सिलरेटरशिवाय (सेटिंग लवकर आणणाऱ्या रसायनाशिवाय) भागेल का, हे सगळं हिशेबाने ठरवता येतं.

आधी तास, मग डोस

घड्याळ सुरू होतं सिमेंटला पाणी लागल्या क्षणी. गाडी साइटवर पोचल्यावर नाही. समजा प्लँटपासून साइटपर्यंत ६० मिनिटं लागतात, पंपाजवळ थांबणं आणि रिकामं करणं यात ३० मिनिटं जातात, आणि राफ्टवर (पायाच्या सलग स्लॅबवर) एक थर पूर्ण फिरून पुन्हा पहिल्या जागी यायला ९० मिनिटं. एखादी गाडी उशिरा आली किंवा पाइप तुंबला तर हाताशी असावी म्हणून आणखी ६० मिनिटं. बेरीज ४ तास. म्हणजे पाणी लागल्यापासून ४ तासांपर्यंत प्रारंभिक सेटिंग (काँक्रीट आवळायला लागण्याचा टप्पा; पुढे कडक होतं ते अंतिम सेटिंग) होता कामा नये, नाहीतर दोन थरांमध्ये कोल्ड जॉइंट (एकजीव न झालेला सांधा) पडणार.

आता दुसरी बाजू. ॲडमिक्स्चर नसलेलं साध्या पोर्टलँड सिमेंटचं काँक्रीट किती वेळात सेट होतं हे मुख्यतः त्याच्या तापमानावर ठरतं. ढोबळ आकडे असे: काँक्रीट २१ अंश सेल्सिअसला असेल तर सुमारे ६ तास, २७ अंशांना ४ तास, ३२ अंशांना २ तास ४० मिनिटं, ३८ अंशांना जेमतेम पावणेदोन तास. उलट बाजूला १६ अंशांना ८ तास, १० अंशांना ११ तास, ४ अंशांना १४ तास. म्हणजे तापमान साडेपाच अंशांनी चढलं की वेळ साधारण एक तृतीयांशाने घटते. हे आकडे दिशा कळण्यापुरते. तुमच्या सिमेंटचा, तुमच्या मिक्सचा खरा आकडा चाचणीतूनच मिळतो.

वरच्या उदाहरणात काँक्रीट ३२ अंशांना आहे आणि चाचणीत प्रारंभिक सेटिंग २ तास ४५ मिनिटांवर आलं असं धरा. हवेत ४ तास. म्हणजे सव्वा तास पुढे ढकलायचं आहे. ही गरज इतकी साधी आहे. अशा वेळी 'जरा जास्तच टाकू, सुरक्षित राहील' म्हणून चार तासांचा डोस टाकणं हे नुकसानीचं काम आहे, का ते पुढे येईल.

आणखी एक: रसायनाकडे वळण्याआधी तापमान स्वतःच बदलता येतं का ते पाहा. खडीवर सावली धरा आणि पाणी फवारा, मिक्सिंगचं पाणी गार करा, पाण्याचा काही भाग बर्फ म्हणून टाका, ओतणं रात्री ठेवा. बर्फ प्रभावी आहे, कारण १ किलो बर्फ नुसता वितळताना जेवढी उष्णता घेतो तेवढ्यात १ किलो पाणी ८० अंशांनी तापलं असतं. बर्फाचं वजन पाण्यातून वजा करायला विसरू नका, आणि मिक्सिंग संपेपर्यंत तो पूर्ण वितळला पाहिजे. थंडीत उलट: मिक्सिंगचं पाणी गरम करा, पण ते आधी खडी-वाळूवर जाऊ द्या आणि सिमेंट नंतर टाका. कढत पाणी थेट सिमेंटवर पडलं की गुठळ्या होतात.

आत काय घडतं

पाणी लागताच सिमेंटमधलं ट्रायकॅल्शियम ॲल्युमिनेट तात्काळ प्रतिक्रिया करू पाहतं. सिमेंट दळताना घातलेलं जिप्सम त्याला आवर घालतं. त्यानंतर काही तास शांततेचा काळ येतो, त्याच काळात आपण काँक्रीट वाहतो, ओतून घेतो, व्हायब्रेट करतो. तो संपला की ट्रायकॅल्शियम सिलिकेटची मुख्य प्रतिक्रिया जोर धरते आणि सेटिंग सुरू होतं.

रिटार्डरचे रेणू सिमेंटच्या कणांवर आणि नव्याने तयार होणाऱ्या स्फटिकांवर चिकटतात, त्यामुळे हा शांत काळ लांबतो. तो संपला की मात्र प्रतिक्रिया नेहमीच्याच वेगाने धावते, कधी थोडी जास्तच. याचा अर्थ नीट लक्षात घ्या: रिटार्डरने सेटिंगची सुरुवात पुढे जाते, प्रारंभिक आणि अंतिम सेटिंगमधलं अंतर फारसं वाढत नाही. फिनिशिंगवाल्यांना जास्त तास मिळतील अशी समजूत असेल तर ती चुकीची. त्यांचं काम उशिरा सुरू होईल, एवढंच.

दुसरा गैरसमज याहून महागात पडतो. सेटिंग लांबवणं आणि स्लम्प (काँक्रीटचा सैलपणा) टिकवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रिटार्डर टाकलेल्या काँक्रीटचा स्लम्प तासाभरात निम्म्यावर येऊ शकतो, आणि सेटिंग मात्र पाच तास दूर असतं. स्लम्प उतरला म्हणून रिटार्डर वाढवला तर काँक्रीट कोरडंच राहील आणि रात्रभर सेटही होणार नाही. स्लम्पसाठी सुपरप्लास्टिसायझर (पाणी न वाढवता काँक्रीट सैल करणारं रसायन) किंवा स्लम्प टिकवणारं पॉलिकार्बॉक्सिलेट वापरायचं असतं.

ॲक्सिलरेटर शांत काळ आखडतो. पण इथेही सेटिंग लवकर होणं आणि ताकद लवकर येणं वेगळं. काही रसायनं सेटिंग झपाट्याने आणतात, पण एका दिवसाच्या ताकदीत फारसा फरक पाडत नाहीत. शटरिंग लवकर काढायचं असेल तर विकत घेताना नेमकं हेच विचारा.

रिटार्डर: कोणता, किती

बाजारात मिळणाऱ्या द्रव रिटार्डरमध्ये बहुधा लिग्नोसल्फोनेट, सोडियम ग्लुकोनेट, शर्करायुक्त पदार्थ किंवा फॉस्फोनेट असतं. तयार द्रवाचा डोस सहसा सिमेंटच्या वजनाच्या ०.२ ते ०.५ टक्के. शुद्ध पावडरीच्या रूपात ग्लुकोनेटचा डोस याहून खूपच कमी, ०.०३ ते ०.१ टक्क्यांच्या आसपास. ही तफावत लक्षात न घेता द्रवाचा टक्का पावडरीला लावला तर काँक्रीट कित्येक दिवस ओलंच राहील. लिग्नोसल्फोनेट थोडं पाणीही वाचवतं, पण हवाही धरतं. डोस वाढला की हवेचे बुडबुडे वाढतात आणि ताकद उतरते.

एएसटीएम सी ४९४ या अमेरिकी मानकात 'टाइप बी' रिटार्डरने प्रारंभिक सेटिंग किमान १ तास आणि जास्तीत जास्त साडेतीन तास पुढे गेलं पाहिजे अशी अट आहे. नेहमीच्या कामासाठी ही मर्यादा शहाणपणाची आहे. त्याहून लांब, म्हणजे रात्रभर काँक्रीट थोपवायचं असेल तर त्यासाठी हायड्रेशन थांबवणारे खास स्टॅबिलायझर असतात. साधा रिटार्डर दुप्पट-तिप्पट करून ते काम करू नका.

साखरेबद्दल सगळ्यांनी ऐकलेलं असतं. सिमेंटच्या वजनाच्या ०.०५ टक्के साखर, म्हणजे ५० किलो सिमेंटला २५ ग्रॅम, सेटिंग सुमारे ४ तास पुढे नेते. ०.२ टक्क्यांच्या पुढे गेलं की सेटिंग जवळजवळ थांबतंच. वीस-पंचवीस ग्रॅम आणि शंभर ग्रॅम यात एवढं अंतर असलेला पदार्थ साइटवर मुठीने मोजून टाकायचा नसतो. बांधकामात साखर वापरू नका असंच आमचं मत आहे. एक अपवाद शेवटी दिला आहे. आधी साखर किंवा गूळ भरलेल्या गोणीत वाळू आणली, तरी सेटिंग बिघडतं.

डोस किती यासोबत तो कधी टाकला यालाही महत्त्व आहे. सिमेंटला पाणी लागून २ ते ४ मिनिटं झाल्यावर रिटार्डर टाकला तर त्याच डोसचा परिणाम लक्षणीय वाढतो, कारण तोवर ॲल्युमिनेट जिप्समबरोबर गुंतलेलं असतं आणि रिटार्डर शोषून घ्यायला मोकळं नसतं. म्हणून चाचणीत जो क्षण, जो क्रम होता, तोच कामावर ठेवा. एका बॅचला पाण्याबरोबर आणि दुसरीला चार मिनिटांनी, असं झालं की एकाच स्लॅबचे दोन भाग वेगवेगळ्या वेळी सेट होतात.

ॲक्सिलरेटर: क्लोराइडचा हिशेब

कॅल्शियम क्लोराइड स्वस्त आणि जोरदार आहे, आणि सळई असलेल्या काँक्रीटमध्ये ते टाकू नये. कारण आकड्यांत पाहा. कमाल मानला जाणारा डोस सिमेंटच्या २ टक्के. पापुद्र्यांच्या रूपातल्या मालात साधारण ७७ टक्के कॅल्शियम क्लोराइड असतं आणि त्यातला क्लोराइडचा वाटा ६४ टक्के. म्हणजे २ टक्के डोसमधून सिमेंटच्या सुमारे १ टक्का क्लोराइड आत जातं. एसीआय ३१८ या अमेरिकी संहितेत बाहेरून क्लोराइड लागण्याची शक्यता असलेल्या सळईच्या काँक्रीटला ०.१५ टक्के आणि प्रीस्ट्रेस्ड (ताणलेल्या तारा असलेल्या) काँक्रीटला ०.०६ टक्के एवढीच मर्यादा आहे. क्लोराइडने सळईवरचा संरक्षक थर फुटतो आणि गंज सुरू होतो. शिवाय आकुंचन वाढतं, सल्फेटला तोंड देण्याची ताकद घटते, रंग काळवंडतो. ॲल्युमिनियमचे भाग किंवा जस्ताचा मुलामा असलेले पत्रे काँक्रीटमध्ये असतील तिथेही नको. बिनसळईच्या साध्या काँक्रीटमध्ये वापरायचंच असेल तर आधी पाण्यात पूर्ण विरघळवा, कोरडे पापुद्रे मिक्सरमध्ये टाकले तर विरघळायचे राहतात आणि पृष्ठभागावर काळे डाग, खड्डे दिसतात. विरघळताना ते बरंच तापतं, म्हणून पाण्यात क्लोराइड हळूहळू टाका, क्लोराइडवर पाणी ओतू नका.

सळईच्या कामाला क्लोराइडमुक्त पर्याय घ्या. कॅल्शियम नायट्रेट १ ते ३ टक्के घन पदार्थ या हिशेबात जातं. कॅल्शियम नायट्राइट सेटिंग लवकर आणतं आणि सळईला गंजापासून संरक्षणही देतं, पण ते विषारी आहे, आम्लाशी त्याचा संपर्क येऊ देऊ नका. कॅल्शियम फॉर्मेट पाण्यात कमी विरघळतं म्हणून बहुधा पावडर म्हणून टाकतात. खताच्या दुकानातलं नायट्रेट टाकण्याचा मोह टाळा: त्यात अमोनियम असू शकतं, आणि सिमेंटच्या अल्कलीत त्यातून अमोनिया सुटतो, बंदिस्त जागेत डोळे-नाक झोंबून काम थांबतं.

ट्रायइथेनॉलअमाइन फार अल्प प्रमाणात, म्हणजे ०.०२ ते ०.०५ टक्क्यांत, सेटिंग थोडं लवकर आणतं. तेच काही पटींनी वाढवलं तर सेटिंग लांबतं, आणि १ टक्क्याच्या आसपास गेलं की मिश्रण एकदम आवळतं. म्हणून ते सुटं आणून घरगुती मिश्रण करण्याच्या फंदात पडू नका.

शॉटक्रीटचे (दाबाने फवारायच्या काँक्रीटचे) ॲक्सिलरेटर हे वेगळंच प्रकरण आहे. ते नोझलपाशी टाकतात आणि काही मिनिटांत सेटिंग आणतात. सोडियम ॲल्युमिनेटसारखे जुने प्रकार कडक अल्कधर्मी आहेत, त्वचा आणि डोळे भाजतात, आणि त्यांनी २८ दिवसांची ताकद बरीच घटते. ॲल्युमिनियम सल्फेटवर आधारलेले अल्कलीमुक्त प्रकार आता जास्त चालतात. ते मिक्सरमध्ये टाकायचे नसतात.

थंडीबद्दल एक ठाम सूचना. ॲक्सिलरेटर काँक्रीट गोठण्यापासून वाचवत नाही. नेहमीच्या डोसने पाण्याचा गोठणबिंदू नगण्यच उतरतो. त्याचा फायदा इतकाच की काँक्रीट गोठणं सहन करण्याइतकी ताकद, म्हणजे सुमारे ३.५ मेगापास्कल दाबताकद, लवकर गाठतं. तोवर झाकणं, ऊब देणं चुकत नाही.

डोसचा हिशेब

६ घनमीटरची गाडी, घनमीटरला ३५० किलो सिमेंट. एकूण २,१०० किलो. रिटार्डर ०.३ टक्के म्हणजे ६.३ किलो. बाटलीवर सापेक्ष घनता १.१८ असेल तर ६.३ भागिले १.१८, म्हणजे ५.३ लिटर. इथे वजन आणि आकारमान यांची गल्लत सर्रास होते. कुणी '१०० किलोला ३०० मिली' म्हणतं, कुणी '०.३ टक्के' म्हणतं. पहिल्या हिशेबाने ६.३ लिटर होतात, दुसऱ्याने ५.३. एका गाडीमागे एक लिटरचा फरक. माहितीपत्रकात टक्का वजनाचा आहे की मिलीलिटरचा, आणि तो नुसत्या सिमेंटवर आहे की फ्लाय ॲश-स्लॅग (सिमेंटसोबत घालायची राख आणि भट्टीची मळी) धरून एकूण बाइंडरवर, हे वाचून घ्या.

रिटार्डरमधलं पाणी चार लिटरच्या आत असतं, २,१०० किलो सिमेंटला ०.४५ च्या हिशेबाने लागणाऱ्या ९४५ लिटरपुढे ते किरकोळ आहे. ॲक्सिलरेटरचं तसं नाही. १०० किलोला २ लिटर या दराने ४२ लिटर जातात. घनता १.४ आणि घन पदार्थ ४५ टक्के असतील तर वजन जवळपास ५९ किलो आणि त्यात ३२ लिटर पाणी. हे पाणी वजा केलं नाही तर प्रत्येक घनमीटरला पाच लिटरपेक्षा जास्त पाणी फुकट वाढतं, आणि मग 'ॲक्सिलरेटरने ताकद कमी आली' अशी तक्रार होते.

चाचणी

ही पायरी गाळणाऱ्यांनाच पुढची निस्तारणी करावी लागते, म्हणून थोडं विस्ताराने.

१. कामावर येणाऱ्याच लॉटचं सिमेंट, तीच वाळू-खडी, तेच सुपरप्लास्टिसायझर घ्या. तीन बॅच करा: रिटार्डर शून्य, अपेक्षित डोस, आणि त्याच्या दीडपट.

२. साहित्य आणि पाणी अशा तापमानाचं घ्या की काँक्रीट ओततानाच्या तापमानावर येईल. गार खोलीतल्या २० अंशांच्या चाचणीवरून दुपारच्या ३५ अंशांचा डोस ठरत नाही.

३. ताजं काँक्रीट ४.७५ मिमीच्या चाळणीतून गाळून मॉर्टर वेगळं करा आणि किमान १५० मिमी रुंद व १५० मिमी खोल भांड्यात भरा. वर झाकण ठेवा, सावलीत, त्याच तापमानात.

४. प्रत्येक वाचनाआधी भांडं किंचित कलतं करून वर आलेलं पाणी काढून टाका. पेनेट्रोमीटरची (सुई दाबून कडकपणा मोजणाऱ्या साधनाची) सुई साधारण १० सेकंदांत २५ मिमी आत दाबा. लागलेलं बल भागिले सुईचं क्षेत्रफळ म्हणजे रोध. आधी मोठी, ६४५ चौरस मिमीची सुई, मग मॉर्टर कडक होत जाईल तशा लहान, अगदी १६ चौरस मिमीपर्यंत. एका भोकाजवळ दुसरं भोक पाडू नका, मध्ये किमान १५ मिमी जागा ठेवा.

५. रोध ३.५ मेगापास्कल झाला की प्रारंभिक सेटिंग, २७.६ झाला की अंतिम. उदाहरणार्थ १६१ चौरस मिमीच्या सुईला ५६४ न्यूटन, म्हणजे साधारण ५७ किलोचा भार लागला की प्रारंभिक सेटिंग गाठलं. किमान सहा वाचनं घ्या आणि वेळेसमोर रोधाचा आलेख काढा. हा ३.५ चा आकडा सुईच्या रोधाचा आहे. वर थंडीच्या संदर्भात आलेला ३.५ दाबताकदीचा. दोन्हींची गाठ घालू नका.

६. याच बॅचमधून क्यूब (ताकद तपासायचे ठोकळे) भरा, १, ७ आणि २८ दिवसांचे. रिटार्डर असलेल्याची पहिल्या दिवसाची ताकद कमी दिसेल, २८ दिवसांना ती बरोबरीला किंवा थोडी वर यायला हवी. तसं झालं नाही तर हवा किती धरली ते तपासा.

पेनेट्रोमीटर नसेल तर निदान प्रत्यक्ष जागेवर हे पाहा: चालू व्हायब्रेटर स्वतःच्या वजनाने आत उतरतो का, आणि हळू वर काढल्यावर त्याचं भोक मिटतं का. दोन्हीचं उत्तर 'हो' असेल तोवर वरचा थर निर्धास्त टाका. फ्लोट फिरवायची वेळ बुटाच्या ठशावरून कळते: ठसा साधारण ६ मिमी खोल उमटला की सुरुवात करायची.

टाकताना

ड्रम आधी ढवळा, तळाशी साका बसलेला असतो आणि शेवटच्या गाड्यांना दाट माल जातो. मुदत आणि बॅच नंबर पाहा. मोजायला खुणा असलेलं मापच घ्या, झाकण किंवा पाण्याची बाटली नको. कोरड्या सिमेंटवर द्रव कधीच ओतू नका, पाण्याच्या शेवटच्या हिश्श्यात मिसळून सोडा. दोन ॲडमिक्स्चर एकाच बादलीत एकत्र करू नका, कॅल्शियम क्षारांचे ॲक्सिलरेटर आणि हवा धरणारं द्रव्य एकत्र आलं तर चोथा बसतो आणि दोन्ही वाया जातात. साइटवर ट्रान्झिट मिक्सरमध्ये टाकायची वेळ आली तर ड्रम उलटा फिरवून काँक्रीट तोंडाशी आणा, द्रव त्यावर सोडा, मग पूर्ण वेगाने घनमीटरला १ मिनिट आणि किमान ५ मिनिटं मिसळा. ६ घनमीटरला ६ मिनिटं, घड्याळ लावून. हातमोजे आणि गॉगल चढवूनच.

मोठ्या कामात दिवसभर एकच डोस ठेवू नका. सकाळी पहिल्या गाड्यांना पूर्ण डोस, कारण त्यांना सर्वांत जास्त वेळ जिवंत राहायचं आहे आणि दुपारचं ऊन त्यांच्याच डोक्यावर येणार आहे. संध्याकाळी हवा गार झाली आणि वर आणखी थर यायचा नसला की डोस उतरवत न्या, शेवटच्या गाड्यांना अगदी थोडा किंवा काहीच नको. नाहीतर स्लॅबचा एक कोपरा पहाटेपर्यंत ओला राहतो आणि फिनिशिंगवाले उभे राहतात. गाडीगणिक नोंद ठेवा: पाणी लागल्याची वेळ, काँक्रीटचं तापमान, डोस, कुठे ओतलं. चार दिवसांनी एखादा भाग मऊ लागला तर ही वहीच वाट दाखवते.

भिंत आणि कॉलमसाठी शटरिंगचा विचार करा. रिटार्डर असलेलं काँक्रीट तासन्‌तास द्रव राहतं, म्हणून त्याचा दाब पूर्ण उंचीचा धरा: दर मीटरला सुमारे २४ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर, ३ मीटरच्या भिंतीच्या तळाशी ७२. खालचा भाग आवळेल म्हणून दाब कमी होईल हा नेहमीचा भरवसा इथे चालत नाही. टाय (शटरिंगच्या दोन बाजू बांधणारे दांडे) वाढवा किंवा ओतायचा वेग कमी करा.

बिघडलं तर

मिक्सरमध्येच काँक्रीट आवळलं. आधी हात लावा. तापलं नसेल आणि पाणी न घालता पुन्हा मिसळल्यावर सैल झालं, तर तो फॉल्स सेट: सिमेंट दळताना जिप्सम तापून अर्धं निर्जल झालेलं असतं, ते पाणी ओढून कडक होतं. काँक्रीट वापरण्याजोगं आहे, फक्त जास्त वेळ मिसळा. तापलं असेल आणि मिसळूनही सैल होत नसेल तर फ्लॅश सेट. ॲल्युमिनेटला आवरायला विरघळलेलं सल्फेट पुरलं नाही. कमी सल्फेटचं सिमेंट, गरम हवा आणि लिग्नोसल्फोनेटचा मोठा डोस एकत्र आले की रिटार्डर टाकूनसुद्धा असं होतं. ते काँक्रीट टाकून द्या, पाणी घालून वाचवू नका. सिमेंट किंवा रिटार्डरचा प्रकार बदला, किंवा रिटार्डर एक-दोन मिनिटं उशिरा टाकून पुन्हा चाचणी घ्या.

वर पापुद्रा, आत लापशी. ऊन-वाऱ्यात रिटार्डरच्या स्लॅबवर हे हमखास दिसतं. वरचं पाणी उडून साल कडक होते, ती पाहून फिनिशिंग सुरू केलं की साल बंद होते आणि खालून येणारं पाणी आणि हवा अडकून फोड येतात, पुढे खपल्या निघतात. बाष्पीभवन तासाला चौरस मीटरमागे १ किलोच्या पुढे गेलं की चिरांचाही धोका वाढतो. उपाय: वाऱ्याला आडोसा, धुक्यासारखी फवारणी, प्लास्टिक अंथरणं. बाष्पीभवन रोखणारा फवारा हा वेगळा माल आहे, सेटिंगच्या रिटार्डरशी त्याचा संबंध नाही. नावांच्या साधर्म्यामुळे पृष्ठभागावर रिटार्डर फवारला तर वरचा थर बसणारच नाही.

सळईच्या बरोबर वर, सळईच्याच रेषेत चिरा. काँक्रीट बराच वेळ मऊ राहिल्याने पाणी वर येत राहिलं आणि काँक्रीट सळईच्या दोन्ही बाजूंना खाली बसलं. प्रारंभिक सेटिंगच्या आत पुन्हा व्हायब्रेटर फिरवा, चिरा पूर्ण मिटतात. नंतर वरून सिमेंटची पेस्ट फासणं व्यर्थ.

दुसऱ्या दिवशीही मऊ. घाबरून तोडू नका. पाहा: नोंदीत डोस दुप्पट गेला का, रात्री तापमान उतरलं का, स्लॅग किंवा फ्लाय ॲशचं प्रमाण वाढलं होतं का. थंडीत ५० टक्के स्लॅगबरोबर नेहमीचा डोससुद्धा जड जातो. जादा रिटार्डरचं काँक्रीट बहुधा दोन-तीन दिवसांत सेट होतं आणि त्यातून पाणी उडून गेलं नसेल तर पुढे ताकदही गाठतं. म्हणून झाकून ओलं ठेवा, ऊब द्या, वर कुणाला चालू देऊ नका, शटरिंग आणि टेकू जागेवर राहू द्या. ॲक्सिलरेटर वरून ओतून काही साधत नाही. सेट झाल्यावर त्या गाडीचे क्यूब आणि जागेवरचे कोअर (कापून काढलेले नमुने) तपासूनच ठेवायचं की काढायचं ते ठरवा. पाच दिवसांनंतरही नखाने खरवडलं जात असेल तर काढण्याची तयारी करा.

हे सगळं पोर्टलँड सिमेंट आणि त्याच्या मिश्र प्रकारांपुरतं आहे. कॅल्शियम सल्फोॲल्युमिनेट सिमेंट सायट्रिक ॲसिडने, मॅग्नेशियम फॉस्फेट सिमेंट बोरॅक्सने लांबवतात. उच्च ॲल्युमिना सिमेंट पोर्टलँडमध्ये मिसळलं तर काही मिनिटांत आवळू शकतं, म्हणून एकाचा मिक्सर न धुता दुसऱ्याला वापरू नका.

आणि साखरेचा तो अपवाद. भरलेली गाडी वाटेत बंद पडली, काँक्रीट ओतायची आशा उरली नाही, आणि ड्रम वाचवायचा आहे. काँक्रीट अजून पातळ असतानाच सिमेंटच्या अर्धा टक्का साखर, म्हणजे आपल्या २,१०० किलोला सुमारे १० किलो, पाण्यात विरघळवून ड्रममध्ये सोडा आणि शक्य तेवढं फिरवा. सेटिंग थांबेल, ड्रम रिकामा करता येईल. ते काँक्रीट फेकायचंच, आणि पुढचा माल भरण्याआधी ड्रम दोनदा स्वच्छ धुवायचा, कारण त्यात राहिलेली मूठभर साखर पुढच्या गाडीचं सेटिंग बिघडवायला पुरेशी आहे.